पिक-अँड-प्लेस यंत्राचा नोझल होल्डर: कोन बदलला की घटक सरकतो, आणि दुरुस्त करूनही दोष परत येतो

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये पिक-अँड-प्लेस यंत्र, म्हणजे नोझलने इलेक्ट्रॉनिक घटक उचलून सर्किट बोर्डावर ठेवणारे यंत्र, बांधणाऱ्या बहुतेकांना एक दोष केव्हा ना केव्हा भेटतो. शून्य अंशात ठेवलेला रेझिस्टर पॅडवर (बोर्डावरील त्याच्या सोल्डरच्या जागेवर) बरोबर बसतो, नव्वद अंशात तोच थोडा सरकतो, आणि एकशे ऐंशी अंशात ठेवलेला तर उघड्या डोळ्यांना दिसेल इतका बाजूला पडतो. कॅलिब्रेशन करावे तर सगळे जागेवर येते. दोन-चार दिवस काम सुरळीत चालते. मग एके सकाळी पहिल्याच बोर्डावर तोच दोष पुन्हा हजर होतो. मी हा खेळ जवळजवळ सहा महिने खेळलो. त्या सहा महिन्यांत काय तपासले, मूळ कारण कोठे निघाले आणि नवा होल्डर कसा करून घेतला, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या दोषावर प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरमध्येच उपाय शोधत बसल्याने माझा वेळ आणि बरेच बोर्ड वाया गेले.

आधी यंत्राची माहिती देतो. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे आणि तेथे शेतीपंपाच्या स्टार्टरसाठी लागणारे कंट्रोल बोर्ड तयार होतात. तासगाव आणि पलूस भागातील द्राक्षबागांकडून मागणी असते, पण ती हंगामी आणि थोड्या नगांची. त्यामुळे मोठे यंत्र विकत घेणे परवडत नाही. म्हणून अॅल्युमिनियम प्रोफाइल, लिनिअर रेल आणि जीटी२ बेल्ट वापरून यंत्र स्वतः बांधले आणि ते ओपनपीएनपी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालवतो. नोझल फिरवण्यासाठी पोकळ शाफ्टची नेमा ८ मापाची लहान स्टेपर मोटर (पायरी-पायरीने फिरणारी मोटर) आहे. शाफ्टच्या वरच्या टोकाला व्हॅक्यूमची नळी येते आणि खालच्या टोकाला होल्डर बसतो. त्या होल्डरमध्ये जुकी पद्धतीची, बदलता येणारी नोझल अडकते. बोर्डावर ०६०३ आणि ०८०५ मापाचे रेझिस्टर-कपॅसिटर, आणि एक एलक्यूएफपी-४८ बांधणीचा (चारी बाजूंना मिळून ४८ पाय असलेला) मायक्रोकंट्रोलर असतो, ज्याच्या दोन पायांमधील अंतर ०.५ मि.मी. असते.

हा दोष इतके दिवस लपून राहिला त्यालाही कारण आहे. ०६०३ घटक म्हणजे १.६ बाय ०.८ मि.मी. इतका लहान तुकडा. तो पॅडवर थोडा तिरपा किंवा सरकलेला बसला तरी ओव्हनमध्ये सोल्डर वितळल्यावर पृष्ठताणामुळे बहुधा स्वतःच मध्यावर ओढला जातो. त्यामुळे भट्टीतून बाहेर आलेला बोर्ड नीटनेटका दिसतो आणि यंत्रात दोष असल्याची शंकाही येत नाही. मला शंका आली ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे, काही कपॅसिटर एका टोकावर उभे राहू लागले. दुसरी म्हणजे, मायक्रोकंट्रोलरच्या शेजारशेजारच्या पायांमध्ये सोल्डरचे पूल होऊ लागले, आणि तेही एका विशिष्ट दिशेने बसवलेल्या बोर्डांवरच. तेव्हा ठरवले की भट्टीत घालण्यापूर्वीच बोर्ड भिंगाखाली पाहायचा. येथेच पहिली सूचना करतो: जागेच्या अचूकतेविषयीचा कोणताही निष्कर्ष भट्टीतून निघालेल्या बोर्डावरून काढू नये.

चूक कोणत्या जातीची आहे, हे आधी ठरवावे

काचेच्या तुकड्यावर दुहेरी चिकटपट्टी लावावी, तो यंत्रावर घट्ट बसवावा आणि एकाच नोझलने रेझिस्टर ठेवत जावे. प्रत्येकाचा ठरलेला मध्यबिंदू एका ओळीत, ठरावीक अंतरावर असावा आणि कोन दर वेळी तीस अंशांनी वाढवावा. बारा घटक ठेवून झाले की वरच्या कॅमेऱ्याने प्रत्येकाचा खरा मध्य मोजून ठरलेल्या मध्यापासूनचा फरक कागदावर बिंदूने दाखवावा. हे बारा बिंदू काय आकार धरतात त्यावरून दोष ओळखता येतो.

बिंदू जर एखाद्या वर्तुळावर क्रमाने बसत असतील, तर नोझलचे टोक फिरण्याच्या अक्षापासून बाजूला आहे, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत नोझल आउट मारते आहे; यालाच रनआउट म्हणतात. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजेच चूक. सगळे बिंदू एकाच ठिकाणी गोळा होऊन ते ठिकाण मध्यापासून दूर असेल, तर कोनाचा काही संबंध नाही. कॅमेरा आणि नोझल यांच्यामधील अंतराची नोंद चुकलेली असते किंवा झेड रेल (नोझल खाली-वर नेणारी रेल) उभी नसते. रेल अर्ध्या अंशाने कलली तरी दहा मिलिमीटरच्या उतरंडीत जवळजवळ ०.०९ मि.मी. सरकणूक होते, हे लक्षात असू द्यावे. बिंदू एका सरळ रेषेत पुढेमागे पसरलेले दिसले, तर बेल्टचा ताण किंवा पुलीचा ढिलेपणा पाहावा. आणि बिंदू विस्कळीत, कोणताही क्रम नसलेले असतील, तर घटक नोझलवरच सरकतो आहे, म्हणजे व्हॅक्यूम कमी पडतो आहे असे समजावे.

माझे बारा बिंदू जवळजवळ स्वच्छ वर्तुळात आले. त्रिज्या ०.१७ मि.मी. निघाली. म्हणजे शून्य आणि एकशे ऐंशी अंशांतील घटकांमध्ये ०.३४ मि.मी. चा फरक, म्हणजे ०६०३ च्या रुंदीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक.

येथे थांबून सॉफ्टवेअरमधील रनआउट दुरुस्ती चालू करणे हा सोपा मार्ग आहे आणि मीही तोच धरला होता. खालचा कॅमेरा नोझलच्या टोकाचे वेगवेगळ्या कोनांत फोटो घेतो, वर्तुळ काढतो आणि पुढे प्रत्येक कोनाला तेवढी उलट दुरुस्ती देतो. ही सोय उत्तम आहे, आणि नवा होल्डर बसवल्यावरही मी ती चालूच ठेवली आहे. पण ती मोठ्या चुकीवर कायमचा इलाज म्हणून वापरली की दोष पुन्हा पुन्हा का परततो, हे नीट समजून घेतले पाहिजे.

दुरुस्तीच्या नोंदीत दोन गोष्टी असतात: टोक किती बाजूला आहे, आणि शाफ्ट शून्य अंशात असताना ते कोणत्या दिशेला आहे. फिरणाऱ्या अक्षाला बहुतेक घरगुती यंत्रांत होमिंगचा, म्हणजे अक्षाची शून्य जागा दाखवणारा, स्विच नसतो. यंत्र चालू करताना शाफ्ट ज्या स्थितीत असेल त्यालाच शून्य मानले जाते. रात्री यंत्र बंद केले, सकाळी कोणी नोझल साफ करताना हाताने होल्डर फिरवला, किंवा मध्येच वीज गेली आणि मोटर सुटली, की कालची दिशा आज राहत नाही. चूक तेवढीच, दिशा मात्र वेगळी. दिशा पूर्ण उलटी झाली असेल तर दुरुस्ती चूक घालवण्याऐवजी तीत तेवढीच भर घालते, आणि ०.१७ ची चूक ०.३४ होते. माझ्याकडे दोष नेमका सकाळी आणि वीज जाऊन आल्यावर का उगवतो, याचे उत्तर हेच होते. यावर तात्पुरता उपाय म्हणजे यंत्र चालू केल्यावर प्रत्येक वेळी आणि नोझल बदलल्यावर प्रत्येक वेळी कॅलिब्रेशन करणे; ओपनपीएनपीमध्ये ते होमिंगच्या वेळी आपोआप होईल अशी निवड करता येते, आणि ज्यांनी ती बंद ठेवली असेल त्यांनी ती आजच चालू करावी. पण मूळ चूक लहान असेल तर दिशा बिघडली तरी नुकसान लहानच राहते. म्हणून खरा इलाज होल्डरमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट. घटक उचलल्यावर तो ज्या कोनात ठेवायचा त्या कोनात आधीच फिरवून मग खालच्या कॅमेऱ्याने पाहिला, तर त्या कोनातील रनआउट मोजणीतच धरला जातो आणि ठेवताना त्रास देत नाही. मायक्रोकंट्रोलरसारख्या घटकासाठी हे करावेच. पण शंभर-सव्वाशे लहान घटकांसाठी प्रत्येक वेळी कॅमेऱ्यावर जाणे वेळखाऊ असते, आणि त्याने उचलण्याच्या वेळची चूक तशीच राहते. नोझल टेपमधील घटकाच्या मध्यावर न उतरता कडेवर उतरते आणि घटक तिरपा उचलला जातो.

सरकलेला की कललेला?

रनआउट आहे एवढे कळून होल्डर बनवायला घेतला तर पुन्हा तोच दोष नव्या पितळात उतरतो. होल्डर अक्षाला समांतर राहून बाजूला सरकला आहे की तो कलला आहे, हे वेगळे करून पाहावे लागते. त्यासाठी मोजमाप दोन उंचींवर घ्यावे. सर्वांत आधी, होल्डर काढून मोटरच्या उघड्या शाफ्टलाच लिव्हर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून शाफ्ट हाताने फिरवावा. शाफ्टच वाकलेला असेल किंवा बेअरिंगला खेळ असेल, तर पुढचे सारे व्यर्थ आहे. माझा शाफ्ट चांगला होता. काटा पूर्ण फेऱ्यात ०.०२ मि.मी. सुद्धा हलला नाही. मग होल्डर चढवून शाफ्टच्या टोकापासून आठ मिलिमीटर खाली नोझलच्या जाड भागावर डायल लावला, तेव्हा काटा एकूण ०.१६ फिरला. डायलवरील एकूण वाचन हे चुकीच्या दुप्पट असते, म्हणजे तेथील चूक ०.०८. टोकाला डायल लावू नये. टोक बारीक असते आणि डायलच्या दाबानेच ते हलते. टोकासाठी कॅमेऱ्याचेच माप घ्यावे, ते ०.१७ आधीच मिळाले होते. टोक शाफ्टपासून बावीस मिलिमीटर खाली आहे. म्हणजे चौदा मिलिमीटरच्या अंतरात चूक ०.०९ ने वाढली. हा निव्वळ सरकलेपणा नव्हे, हा कल आहे.

कल कोठून आला? होल्डरचे छिद्र आणि शाफ्ट मोजले. शाफ्ट ४.९९ मि.मी., छिद्र ५.०५. मध्ये ०.०६ मि.मी. ची मोकळीक, आणि शाफ्टवरची पकड फक्त आठ मिलिमीटर लांबीची. एका बाजूने एकच ग्रब स्क्रू, म्हणजे टोकाने शाफ्टला दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू. स्क्रू आवळला की शाफ्ट छिद्राच्या समोरच्या भिंतीला दाबला जातो, त्याने अक्ष निम्म्या मोकळिकीने, म्हणजे ०.०३ ने सरकतो. आणि स्क्रू पकडीच्या मधोमध नसल्यामुळे होल्डर तेवढ्या मोकळिकीत कलंडतो: आठ मिलिमीटरमध्ये जास्तीत जास्त ०.०६, तर बावीस मिलिमीटर खाली ०.१६५. दोन्ही मिळून ०.१९५ पर्यंत. माझे मोजलेले ०.१७ यात अचूक बसते. हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा मला फार बरे वाटले, कारण सहा महिने ज्याला मी यंत्राचा स्वभाव समजत होतो त्याला अखेर कारण सापडले होते.

पण एक प्रश्न उरला होता. मी जेव्हा जेव्हा स्क्रू ढिला करून होल्डर फिरवून पुन्हा आवळत असे, तेव्हा काही काळ चूक कमी झालेली दिसे आणि मग परत वाढे. त्याचे उत्तर मिरजेच्या रस्त्यावरील एका लेथवाल्या मामांनी दिले. त्यांनी शाफ्ट उजेडात धरून भिंगातून पाहिला आणि माझ्या हातात दिला. शाफ्टवर ग्रब स्क्रूचे पाच खड्डे पडलेले होते, प्रत्येक खड्ड्याभोवती धातूची बारीक कड वर आलेली, जणू चिखलात काठी टोचल्यावर उठते तशी. मायक्रोमीटरने त्या कडेवर माप घेतले तर शाफ्टपेक्षा जवळजवळ तीन शतांश मिलिमीटर जास्त भरले. स्क्रू नव्या जागी आवळला तरी कंपनाने तो जुन्या खड्ड्याच्या उतारावर घसरत होता आणि होल्डर थोडा वळून नव्या कलाने बसत होता. दोष परत येत होता तो येथून.

मामांनी जुना होल्डर चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) धरून दोन्ही टोकांना डायल लावून दाखवला आणि म्हणाले, “साहेब, ह्यो जॉब दोन पकडीत केलाय. आधी वरचं भोक मारलं, मग उलटा धरून खालचं. दोन्ही भोकांचं एकमेकाशी नातं लागणार कसं?” खरोखरच वरचे छिद्र ट्रू धरले असता खालची नोझलची बैठक स्वतंत्रपणे आउट मारत होती. म्हणजे स्क्रू, खड्डे आणि दोन सेटिंगमधील फरक असे तीन दोष एकावर एक चढले होते.

नवा होल्डर

नवा होल्डर करताना तीन गोष्टींचा आग्रह धरला: दोन्ही छिद्रे एकाच सेटिंगमध्ये, शाफ्टचे छिद्र रीमरने (छिद्र नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने), आणि पकड एका बिंदूने न होता चारी बाजूंनी.

१६ मि.मी. ची पितळी सळई घेतली. पितळ मऊ असते, चांगले कापले जाते आणि आतील पृष्ठभाग गुळगुळीत येतो. अॅल्युमिनियम हलके पडले असते, पण नोझल अडकवणारे छर्रे त्यात लवकर घर करतात, असा मला पहिल्या नमुन्यात अनुभव आला. सळई चकमध्ये पुरेशी बाहेर काढून फेसिंग, बाहेरचे टर्निंग, सेंटर ड्रिल आणि मग छिद्रे, हे सारे सळई एकदाही न सोडता झाले. ज्या बाजूचे छिद्र मोठे, त्या बाजूने सुरुवात करावी. मग लहान छिद्र त्याच बाजूने आत शिरून करता येते आणि जॉब उलटा करावाच लागत नाही. शेवटी पार्टिंग टूलने तुकडा कापून घेतला की उलट्या बाजूला फक्त कड मारायची राहते, आणि तिच्यावर काही अवलंबून नसते.

रीमरविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. रीमर छिद्राचे माप सुधारतो, छिद्राची दिशा सुधारत नाही. तो आधीच्या छिद्रामागून जातो. म्हणून ड्रिलनंतर लगेच रीमर घालू नये. ४.६ चे ड्रिल मारून बारीक बोअरिंग बारने ४.९ पर्यंत छिद्र सरळ करून घेतले आणि मग ५ एच७ चा रीमर चालवला. एच७ म्हणजे या मापाला ५.००० ते ५.०१२ मि.मी. माझ्या ४.९९ च्या शाफ्टला त्यामुळे जास्तीत जास्त ०.०२२ ची मोकळीक राहते, पूर्वीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. पितळात ड्रिल एकदम आत ओढले जाते, तेव्हा टेलस्टॉकचे चाक सावकाश फिरवावे. नोझलच्या बैठकीचे माप कोणाच्या रेखाचित्रावरून घेऊ नये. हातात असलेल्या पाच-सहा नोझलचे दांडे मायक्रोमीटरने मोजून सर्वांत जाड दांडा हलक्या हाताने सरकेल इतकेच ठेवावे. एकाच पुडक्यातील नोझलमध्येही फरक निघतो.

पकडीसाठी होल्डरचा वरचा भाग १४ मि.मी. जाड ठेवला, त्याला एका बाजूने हॅकसॉच्या बारीक पात्याने उभी चीर दिली, खालच्या टोकाला छोटी आडवी चीर जोडली म्हणजे ओठ मोकळेपणाने मिटतात, आणि चिरेच्या दोन्ही ओठांतून आरपार एम२.५ चा अॅलन स्क्रू घातला. स्क्रू आवळला की छिद्र शाफ्टभोवती मिटते. स्क्रूचे टोक शाफ्टला कोठेही लागत नाही, त्यामुळे खड्डा पडण्याचा प्रश्नच उरत नाही. पकडीची लांबी आठवरून बारा मिलिमीटर केली. चीर दिल्यावर छिद्राच्या आत जी कुसळे उठतात ती काढून रीमर पुन्हा एकदा हाताने फिरवणे विसरू नये. माझा एक नमुना केवळ त्या कुसळांमुळे बिघडला होता.

या बांधणीत एक अडचणही आहे, आणि ती मला उशिरा कळली. चीर म्हणजे हवेलाही वाट. ती शाफ्टच्या टोकाच्या खाली गेली तर बाहेरची हवा थेट व्हॅक्यूमच्या मार्गात शिरते. म्हणून बारा मिलिमीटरपैकी वरच्या आठमध्येच चीर द्यावी, खालचे चार मिलिमीटर अखंड ठेवावेत आणि शाफ्ट त्या अखंड भागात पूर्ण उतरलेला असावा. त्या चार मिलिमीटरवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर दिला की उरलेली फट बुजते. ग्रीस वरच्या पकडीवर जाऊ देऊ नये, आणि पोकळ शाफ्टच्या तोंडात तर मुळीच जाऊ देऊ नये. काही जण होल्डर शाफ्टवर अॅनेरोबिक रिटेनिंग कंपाउंडने कायमचा चिकटवतात. पकड पक्की होते हे खरे, पण एक थेंब शाफ्टच्या पोकळीत ओघळला तर मोटरच निकामी होते, आणि होल्डर काढायचा तर भरपूर तापवावा लागतो. मला तो मार्ग पसंत नाही.

शाफ्टवरचे जुने खड्डे नव्या होल्डरआधी निस्तरले. मोटर उभी धरून, पोकळीच्या तोंडात कापसाचा बोळा घालून, फक्त वर आलेल्या कडा बारीक तेलदगडाने उतरवल्या; खड्डे तसेच राहू दिले, कारण ते त्रास देत नाहीत, कडा देतात. पॉलिश पेपर शाफ्टभोवती गुंडाळून घासू नये, त्याने व्यास कमी होतो आणि रीमरचे सारे कष्ट पाण्यात जातात.

पितळी होल्डर जड होतो आणि नेमा ८ च्या लहान रोटरला ते जाणवते. फिरण्याचे त्वरण जवळजवळ निम्मे केल्यावर मोटरच्या पायऱ्या चुकणे बंद झाले.

थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा होल्डर छापून पाहावा असे अनेकांना वाटते; मीही दोन छापले होते. बैठकीचे माप पडताळण्यासाठी ते उपयोगी आहेत, कामासाठी नाहीत. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, स्टेपर मोटर तास-दोन तासांत चांगलीच तापते, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमधील हवाच चाळीसच्या पुढे असते. छर्ऱ्यांच्या सततच्या दाबाने बैठक हळूहळू पसरते आणि आठवड्याभरात नोझल डुलू लागते.

नवा होल्डर बसवून तीच दोन मापे घेतली. जाड भागावर डायल एकूण ०.०३, टोकाला कॅमेऱ्याने वर्तुळाची त्रिज्या ०.०३. यात नोझलचा स्वतःचा वाकडेपणाही आला. काचेवरचे बारा बिंदू आता एका लहान गोळ्यात येतात.

तरीही बिंदू विस्कळीत आले तर

होल्डर बदलल्यावर काहींना नवाच दोष दिसतो: वर्तुळ नाहीसे होते, पण मधूनच एखादा घटक भलतीकडे पडतो. त्याचे कारण बहुधा होल्डरमधील गळती असते. माझ्या होल्डरमध्ये समोरासमोरच्या दोन छिद्रांत छर्रे आहेत आणि बाहेरून चढवलेली ओ-रिंग (रबरी कडे) त्यांना आत दाबून नोझल धरते. नोझलचा दांडा आणि बैठक यांमध्ये दुसरी, हवा रोखणारी ओ-रिंग आहे. ही दुसरी ओ-रिंग बसवताना बैठकीच्या धारदार कडेवर कापली जाते. म्हणून तेथील कड आधी मोडून गोलसर करावी. तपासणी सोपी आहे: नोझलचे तोंड रबराच्या तुकड्याने बंद करून पंप चालवावा, सेन्सरचे वाचन स्थिर झाले की पंपाकडील नळी चिमटावी आणि वाचन किती लवकर उतरते ते पाहावे. पंपाकडून येणाऱ्या नळीत आणि वरच्या फिरत्या सांध्यातही गळती असू शकते, तेव्हा हीच परीक्षा होल्डर काढून, शाफ्टचे तोंड बंद करून एकदा घ्यावी; दोन्ही वाचनांतील फरक तो होल्डरचा.

वाचन पाहताना एक लक्षात ठेवावे की सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाबच साधारण ९५ किलोपास्कल असतो, त्यामुळे पंपाच्या माहितीपत्रकातील आकडा येथे पूर्ण मिळणार नाही. त्याची काळजी करण्याचेही कारण नाही. ६० किलोपास्कलचा व्हॅक्यूम आणि ०.४ मि.मी. चे तोंड असले तरी ओढ पाऊण ग्रॅम वजनाइतकी भरते, आणि ०६०३ रेझिस्टर केवळ दोन-एक मिलिग्रॅमचा असतो. वजन पेलण्याची अडचण कधीच नसते. झटक्याने आडवे सरकणे ही अडचण असते, आणि ती नोझलचे तोंड घटकावर सपाट टेकत नसेल तरच मोठी होते. कललेला होल्डर तोंडही कलते करतो. म्हणून ज्यांच्याकडे वर्तुळ आणि विस्कळीतपणा दोन्ही दिसतात, त्यांनी आधी कल काढावा आणि मग गळती शोधावी. उलट क्रमाने गेल्यास ओ-रिंगा बदलत बसावे लागते.

होल्डर पुढे कधी काढावा लागलाच, तर काढण्याआधी शाफ्टवर आणि होल्डरवर मार्करने एकाच रेषेत खूण करावी आणि परत त्याच खुणेवर बसवावा. अॅलन स्क्रू आवळताना नोझलला हात लावू नये. होल्डर वरच्या बाजूला, मोटरकडे हलका दाबून धरावा आणि मगच आवळावा. त्यानंतर बारा कोनांचे फोटो पुन्हा घ्यावेत. माझ्या यंत्रावर याला चार मिनिटे लागतात. प्रत्येक वेळची त्रिज्या मी यंत्राच्या चौकटीला अडकवलेल्या वहीत तारखेसह लिहितो. गेल्या पावसाळ्यापासून त्या वहीत ०.०३ आणि ०.०४ याखेरीज आकडा आलेला नाही, एकदा ०.०७ आला होता, तेव्हा चिरेत सोल्डर पेस्टचा सुकलेला कण अडकलेला सापडला.